पोटखराब (ब)

१४ मे २०२४
घर पसंत पडलं. चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी, विहिरीला मे महिन्यातही पाणी. पोफळी नाक्यावरून चालत येण्यासारखं. महिनाअखेरीस निवृत्ती आहे, मग क्वार्टर सोडायचं. हिला चिपळूण नको आहे. २०२१च्या जुलैतल्या पुरानंतर बहिणीच्या घरातला चिखल आम्ही दोघांनी उपसला होता. तेव्हापासून चिपळुणात घर म्हटलं की ही विषय बदलते.

परसाच्या खालच्या कोपऱ्यात जुना चाफा आहे. त्याच्या बुडाशी काळे, गुळगुळीत गोटे, छोटे छोटे ढीग करून ठेवलेले. आजूबाजूला सगळा जांभा. त्यात हे गोटे कुठून आले? एजंट म्हणाला, "वाशिष्ठीतले असतील. पोरांनी खेळायला आणले असतील." आणि मला घाईघाईने विहिरीकडे घेऊन गेला.

१७ मे
सातबारा हातात आला. नावं ठीक, वारस लागलेले, फेरफार मंजूर. इतर हक्कात सोसायटीचा जुना बोजा, तो फेडल्याची नोंद, आणि विहिरीच्या पाण्यात शेजाऱ्याचा हिस्सा. क्षेत्राच्या रकान्यात मात्र एक ओळ: पोटखराब (ब) ०.०२.००. म्हणजे दोन आर, ढोबळ मानाने दोन गुंठे.

एजंटला विचारलं. "कातळ हो साहेब, कोकणात सगळीकडे असतो."

कातळ (अ) मध्ये धरतात एवढं मला ठाऊक होतं. शेतजमीन घ्यायची म्हणून शेतकरी असल्याचे कागद जमवताना हे सगळं वाचून झालं होतं.

२० मे
तलाठ्यांनी नीट समजावून सांगितलं. पोटखराबाचे दोन वर्ग, नियम १९६८चे. (अ) म्हणजे मुळात पिकाला नालायक. जमेल तर लागवडीखाली आणा. (ब) म्हणजे रस्ता, पायवाट, लोकांच्या वापराचा ओढा किंवा तळं, नाहीतर दफनाची वा दहनाची जागा. तिथे नांगर घालायचा नाही.

"तुमच्यातनं रस्ता जातो का? ओढा?"

दोन्ही नाही.

"मग राहिलं काय ते बघा," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

संध्याकाळी वाडीतल्या तात्यांकडे गेलो. ऐंशी ओलांडलेली असावी. त्यांनी आधी चहा पाजला, मग पावसाचं बोलले, मग म्हणाले, "पोरं हायत तिथं. दात न आलेली. पूर्वी वाडीतली सगळी तिकडंच ठेवायचे. आता कोण ठेवत न्हाय, दवाखान्यातनंच काय ते होतं. तुम्ही घ्या घर बिनधास्त. काय करत न्हायत ती."

एजंट खोटं बोलला नव्हता म्हणायचं. पोरांचेच गोटे.

२१ मे
रात्री हिला सांगितलं. मला वाटलं होतं, व्यवहार मोडला. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं डोंगराच्या पोटात नोकरी केलीत. तेव्हा वर काय आहे ते विचारलं होतंत का?"

प्रश्न बिनतोड होता. कोयनेचं वीजगृह भूमिगत. आत जाताना बोगदा, डोक्यावर अख्खा सह्याद्री. १९६२पासून माणसं तिथे पाळ्या करतायत.

मग ती दुसरं बोलली, आणि ते मला झोपू देईना. आमचं मूळ गाव कोयना धरणाच्या शिवसागरात गेलं. माझा जन्म त्यानंतरचा. चुलते सोलापूरकडे गेले, आत्या रायगडात, वडील प्रकल्पावर कामाला लागून इकडे उतरले. नदीकाठची आमची मसणवट घरांच्या आधी बुडाली, ती सगळ्यात खाली होती. ते पाणी नवज्याकडून बोगद्यात शिरतं, पोफळीला टर्बाइन फिरवतं आणि कोळकेवाडीवरून वाशिष्ठीला जातं. आमच्या पणज्यांवरून आलेल्या पाण्याची वीज मी जन्मभर केली. आणि भीती कसली वाटली, तर दोन गुंठ्यांची.

१२ जून
खरेदीखत झालं. वकिलांना म्हटलं, त्या कोपऱ्याचा उल्लेख करू. ते म्हणाले, "कशाला? उद्या विकताना भाव पडेल. (ब) लिहिलेलं आहेच की." लिहिलेलं आहे, हे खरंच. पण त्यावरून काय कळतं? घर विकणाऱ्यांना माहीत होतं, एजंटला माहीत असावं, वाडीला तर होतंच. घेणाऱ्याला तेवढा एक कंसातला ब. सगळे मिळून गप्प बसतात आणि मग त्याच गप्प बसण्यातून घराच्या कथा तयार होतात: दिवे विजतात, रात्री रडू ऐकू येतं वगैरे. आधीच सांगितलं असतं तर रडण्याची कथा निघाली नसती, असा माझा कयास.

२८ जुलै
पावसाने कहर केलाय. कुंभार्ली घाटात पुन्हा दरड. घरी बसून मुलीने पाठवलेलं वाचतोय. ती पुण्याला पुरातत्त्व शिकते. घराची हकीकत ऐकून घाबरण्याऐवजी खूश झाली आणि इनामगावबद्दल लिहून पाठवलं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी हे गाव. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने तिथे खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. ती माणसं आपली मेलेली माणसं घरातच पुरायची. तान्ही मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, खड्ड्यात आडवी ठेवलेली. वर चोपलेली जमीन, त्यावर चूल, त्यावर संसार. मोठ्यांची पावलं घोट्यापाशी तोडलेली. का, तर एक तर्क असा की मेलेल्याने उठून निघून जाऊ नये.

आपल्याकडे भीती उलटी, की तो येईल. त्यांना तो जाईल याची. मी हे हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मडकी तरी होती. इथे नुसती माती."

मनुस्मृतीतही दोन वर्षांखालच्या मुलाला जाळू नये, गावाबाहेर पुरावं असं आहे. आपल्या कोपऱ्याभोवती गाव नंतर वाढलं, एवढंच. कोणी घर स्मशानात बांधलं नाही. वस्तीच सरकत सरकत तिथवर आली. मुंबईची मरीन लाइन्सजवळची सोनापूर स्मशानभूमी पूर्वी वस्तीबाहेरच होती, आता तिच्याभोवती इमारती.

१० सप्टेंबर
आज गौरी आल्या. वाडी चाकरमान्यांनी भरलेली, दारोदार गाड्या. दुपारी आम्ही पानं वाढायच्या गडबडीत असताना एक म्हातारी परसातून आत आली. नऊवारी, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात बिस्किटांचा पुडा. डोंबिवलीला मुलाकडे असतात, गणपतीला येतात. मला बघून दचकल्या.

"नवीन घेतलंत होय तुम्ही? मी जाऊन येते हा. उगा पाच मिनटं."

चाफ्याखाली बसल्या. पावसाने एक ढीग विस्कटला होता, गोटे उताराला गेले होते. एकेक उचलून पदराला पुसून त्यांनी जागेवर ठेवला. पुडा फोडला आणि प्रत्येक ढिगावर एक एक बिस्किट.

"आमचा तिसरा का चौथा, आता आठवत न्हाय. मग सगळ्यांनाच देते. येवढं सोन्यासारखं पोर, सव्वा महिन्याचं."

एक गोटा हातात घेऊन निरखला. "हा आमचा नव्हं," म्हणाल्या, आणि तोही नीट बसवला.

हिने त्यांना जेवायला थांबवलं. जाताना त्यांनी विचारलं ते बिस्किटाचं किंवा पोराचं नव्हतं. "भिंत घालणार काय वो?"

२ ऑक्टोबर
सर्वपित्री. वाडीत घरोघर पानं, कावळे खाऊन खाऊन सुस्त. तान्ह्याचं श्राद्ध नसतं, त्याला तिथी नसते. म्हणून बहुधा त्या डोंबिवलीच्या आजी आपल्या सोयीने गौरीत येतात. मी वडिलांचं पान ठेवलं, हिने न विचारता आणखी एक लहान वाटी भरली. मी बोललो नाही.

सातबारा पुन्हा काढून बघितला. इतर हक्कांत विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा आहे. पन्नास वर्षं दरसाल येणाऱ्या बाईचा उल्लेख कुठल्या रकान्यात येणार? खरेदीखताने जमीन माझी झाली, तिचं येणं माझ्या मेहरबानीवर आलं. आधीच्या मालकांनी ते चालू दिलं, पण मला सांगितलं नाही. हे मला (ब) पेक्षा जास्त खुपतं. मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरतो, पुढेमागे हे घर विकेल हे उघड आहे. म्हटलं, विक, पण घेणाऱ्याला बसवून सांग; कंसात ठेवू नकोस.

१९ नोव्हेंबर
गुरं आत शिरतात, कुंपण हवंच. गवंड्याशी बोलणं झालं. त्याला चिऱ्यांची पक्की भिंत घालायची आहे, मी गडगाच म्हणतोय. सुके चिरे, मधे फटी, पाणी तुंबत नाही. चाफ्याचा कोपरा भिंतीच्या आत घ्यायचा, पण पाणंदीच्या अंगाने वेगळी वाट ठेवायची. घरातून यावं लागू नये, आमची परवानगी मागावी लागू नये.

गवंडी म्हणाला, दोन फुटांची फट पुरे, माणूस आडवा होऊन जातो.

मी म्हटलं, तीन. त्या आजींचे गुडघे गेलेत, पुढच्या वर्षी नातू धरून आणणार आहे. त्याने दोन चिरे बाजूला काढले आणि वाळूचे पैसे आगाऊ मागितले. सुक्या गडग्याला वाळू कशाला, हे अजून मला कळलेलं नाही.