माघारीचा भाव

पळून जायला किती खर्च येतो हे आगाऊ आणि रोखीत सांगणारा एकच खेळ माझ्या पाहण्यात आहे: ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’चा तिसरा भाग. १९९९ साली तो निघाला तेव्हा अस्मादिक बी.कॉम. करत होते. त्यातल्या ड्रॅगनांवर माझे मित्र भाळले. मी भाळलो हिशेबावर.

वेढ्याचे म्हणाल तर आधी गावाला तट बांधायचा. आणखी पैसे घातले की खंदक आणि एक बुरूज मिळतो, त्याहून घातले की आणखी दोन बुरूज. चालून येणाऱ्याजवळ धोंडे फेकणारे एक यंत्र असते. नायकाला ती विद्या येत नसेल तर यंत्र स्वतःच्या मर्जीने चालते. आपल्याला दरवाजा फोडायचा असतो, ते बुरुजावर नेम धरते आणि धोंडा पडतो तिसरीकडेच. (आमच्या शाखेतले पासबुक छापायचे यंत्र बहुधा त्याच कारखान्यातले असावे.) उडणारे सैनिक तट ओलांडून सरळ आत उतरतात, पायदळ बिचारे बाण खात दरवाजाशी ताटकळते, सोमवारी सकाळी आमच्या शटरशी ताटकळतात तसे.

बेत फसला की दोन बटणे. पहिले माघारीचे. सैन्य सगळे बुडाले, पण नायकाचा अनुभव, विद्या आणि अंगावरच्या जादूच्या वस्तू शाबूत! साहेब आपल्याच गावच्या गुत्त्यात हजर. अडीच हजार मोहरा मोजायच्या आणि पुन्हा कामावर घ्यायचे. दुसरे बटण शरणागतीचे. शत्रूला सैन्याच्या निम्मी किंमत रोख दिली की सैन्यही सुटते. मुत्सद्देगिरी शिकलेल्याला त्यातही सूट. बुडीत कर्जाची एकरकमी तडजोड याहून वेगळी काय असते?

मात्र पळायलासुद्धा आपली पाळी यावी लागते. शत्रू चपळ असला तर त्याआधीच आटोपते. आणि स्वतःच्याच गावात वेढला गेलेल्या नायकाला दोन्ही बटणे बंद! अपवाद एकच, रानटी टोळ्यांचे स्ट्राँगहोल्ड. तिथे भुयार खणता येते. बर्फात उंच मनोरे बांधणाऱ्या विद्वान जादूगारांना हे सुचत नाही, रानट्याला सुचते.

आपल्याकडे हे शहाणपण जुने. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याबाहेर पडले, विशाळगड गाठला. त्याची किंमत शिवा काशीद आणि बाजीप्रभूंनी मोजली. ती मोहरांत मांडता येत नाही. १६६५ ला पुरंदरच्या तहात पस्तिसांपैकी तेवीस किल्ले दिले, बारा राखले. निम्म्याहून चढा दर. पण १६७० पासून ते परत यायला लागले.

हे सगळे मला आमच्या चिरंजिवांनी ऐकवले. दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग सोडतो म्हणाला त्या रात्री. आमचे वडील गरजले, “आपल्या घराण्यात कुणी रणांगणातून पाठ फिरवली नाही!” (रणांगणावर कुणी गेलेही नाही, पण ती वेळ बोलायची नव्हती.) सौ. गप्प होती, ते जास्त जड गेले. तीन महिने पोरगा जेवणाच्या पानावर मान वर करत नव्हता.

“बाबा, सैन्य गेलं. नायक आहे अजून,” तो म्हणाला.

मी कागद घेतला. डाव्या बाजूला दोन वर्षांची फी, वसतिगृह, क्लास. उजवीकडे काय लिहायचे? अनुभव या जिनसेला वाणिज्य शाखेत खाते नाही. पोराच्या तोंडाकडे पाहिले आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

आता तो बी.कॉम.ला आहे, म्हणजे आमच्याच गुत्त्यात. अडीच हजारांत प्रवेश मिळाला असता तर बरे झाले असते. पहिली फी आजोबांनी भरली. “कर्ज समज,” म्हणाले. व्याजाचा दर विचारायची छाती अजून कुणाची झालेली नाही.