शरदबाबूंच्या सामताबेडला

मराठी वाचकांच्या एका पिढीला बंगालची ओळख करून दिली ती शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्यांनी, आणि त्याही बहुधा मामा वरेरकरांच्या अनुवादांतून. तळ्याचा घाट, आंब्याची राई, जमीनदाराचा वाडा आणि मूकपणे सोसणाऱ्या स्त्रिया. हा बंगाल त्या वाचकांच्या मनात अजून तसाच आहे. शिखरजीची यात्रा करून अनेक कुटुंबे कोलकात्यास जातात, बद्रिदासांनी बांधविलेले जिनमंदिर पाहतात आणि परततात. त्यांतील शरदप्रेमींनी एक दिवस अधिक काढून सामताबेडला जावे.

नागपूरमार्गे हावड्यास जाणारी गाडी कोलाघाटजवळ रूपनारायण नदी ओलांडते. पैलतीरी लागणारे लहानसे स्थानक म्हणजे देउलटी. लांब पल्ल्याच्या गाड्या येथे सहसा थांबत नाहीत; हावड्याहून लोकलने सुमारे ५० किलोमीटर मागे यावे लागते. पुढे गावापर्यंत ‘टोटो’, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा मिळते.

ब्रह्मदेशात सुमारे १३ वर्षे नोकरी करून शरदबाबू १९१६ मध्ये परतले. सामताबेडचे त्यांचे दुमजली, कौलारू घर ब्रह्मी धाटणीचे आहे. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधीची बरीच वर्षे त्यांनी येथे घालविली. त्यांचे लिहिण्याचे मेज येथे जपून ठेवले आहे. त्यांच्या काळी नदी घरासमोरूनच वाहत असे. आता पात्र दूर सरकले आहे.

कादंबरी मनात धरून आलेला वाचक येथे थोडा खट्टू होतो. रस्ता पक्का आहे, मुली सायकलवरून शाळेत जातात आणि जमीनदार कोठेच नाही. पण शरदबाबूंनी रंगविले ते जग टिकावे अशी त्यांची तरी इच्छा होती काय? विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. तरीही ‘पल्लीसमाज’मधील रमेला शेवटी काशीचीच वाट धरावी लागते. कुलीनांच्या बहुविवाहाला कायद्याने अटकाव झाला तो १९५५ मध्ये, आणि बंगालमधील जमीनदारी संपविणारा कायदा आला १९५३ मध्ये. वाचकाला जे हरवल्यासारखे वाटते, त्यातील पुष्कळसे जावे म्हणूनच त्यांनी लेखणी झिजविली.

सर्वच दुःखे मात्र जुनी झालेली नाहीत. ‘महेश’ ही त्यांची कथा जीवदयेचे संस्कार असलेल्या घरांत अवश्य वाचली जावी. गरीब गफूरचा आपल्या बैलावर पोटच्या पोरासारखा जीव असतो. दुष्काळात त्याला चारा मिळत नाही, आणि गाईबैलांची पूजा करणाऱ्या गावातले धनिक पेंढीभर गवतही देत नाहीत. उपासमारीने आणि अपमानाने पिचलेल्या गफूरच्याच हातून, संतापाच्या एका क्षणी, महेश मरतो. रात्रीच्या अंधारात तो मुलीला घेऊन तागाच्या गिरणीकडे निघून जातो. दुष्काळ पडला की जनावरांच्या छावणीसाठी वर्गणी काढणाऱ्या व्यापाऱ्यांना ही कथा परकी वाटणार नाही. जनावर वाचवायचे तर त्याच्या धन्याची चूलही पेटती राहिली पाहिजे, हे ती कोणताही उपदेश न करता सांगते.

सामताबेडला जाताना सोबत एकच पुस्तक न्यायचे झाल्यास ‘महेश’ असलेला कथासंग्रह न्यावा. कथा लहान आहे. हावडा ते देउलटी या प्रवासात मुलानातवंडांना ती वाचून दाखविता येते.