ताव उतरताना

लाकडावर चटके देऊन चित्रं काढते, जेवण मांडायच्या पाट्या करते, त्यावर माझं घर चालतं. यातलं निम्मं कसब धडगावकडच्या एका पावरा आदिवासी बाबांचं आहे, आणि ते ऋण फिटणारं नाही.

बाबा बासऱ्या करायचे. बांबूला भोकं पाडायला गिरमिट नाही. चुलीत लाल केलेली सळई. टेकवली की चर्र व्हायचं आणि बांबूच्या तोंडातून धूर निघायचा. माझ्याकडे विजेवर तापणारं पेन होतं आणि सागाच्या फळ्या. सागात एक पट्टा भुसभुशीत, दुसरा टणक; रेघ इथे पसरते, तिथे अडते, वर लाकडातलं तेल धुमसतं. बाबांनी फळीवर नख ओढून पाहिलं आणि शिवणीचा तुकडा पुढे सरकवला. शिवण फिकी, एकसारख्या पोताची. रेघ सरळ गेली.

खरी विद्या निवणाऱ्या सळईत होती. लाल असताना भोक, काळी पडली की नक्षी, अगदी निवत आली की नुसती तपकिरी झाक. एका तापात तीन कामं. "पोरी, दाबू नको. ताव उतरू दे," एवढंच म्हणायचे. आजही मी पेन एकदा तापवते आणि ताव उतरवत जाते. गडद आधी, फिकं नंतर.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची राजवाडी होळी रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. त्यात नाचणारे बुध्ये मला पाटीवर हवे होते: अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळके भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. बाबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "हे पालनी पाळतात, होळीचं व्रत; खाटेवर बसत नाहीत. यांच्या अंगावर भाकर ठेवशील?"

तेव्हापासून बुध्ये मुठीजवळ, अन्नाच्या वर. मधला भाग कोरा, त्यावर फक्त जवसाचं तेल; ते चांगलं सुकेपर्यंत पाटी विकत नाही. कामाच्या दृष्टीनेही तेच बरोबर, कारण जळक्या रेघेवर सुरी फिरली की कोळसा अन्नात येतो. पण मला ते बाबांच्या प्रश्नाने कळलं.

पुण्या-मुंबईहून चित्र मधोमध हवं म्हणून फोन येतात. मी बुध्यांची पालनी समजावून सांगते. काही जण ऐकतात, काही ऑर्डर जातात. जाऊ देते.