उघडून पाहिली ती प्रत खरी

विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि आमच्या संत तुकाराम नगरच्या घरातला जुना कॉम्प्युटर बदलून घ्यायचे ठरले. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकतो. डेटा काढून ठेवा."

डेटा म्हणजे काय, हे आम्हालाच ठाऊक. मुलांच्या मार्कशीट, पासपोर्टचे कागद, लग्नाचे फोटो. आणि अब्बांचा आवाज. अब्बांची सारी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये गेली. शेवटच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर ते नोकरीच्या पहिल्या दिवसांच्या आठवणी सांगत आणि आम्ही रेकॉर्ड करत असू. असे अकरा तुकडे. पुढच्या ईदला अब्बा नव्हते.

डेस्कटॉपवरचा 'अब्बा' फोल्डर आम्ही पेनड्राइव्हवर घेतला. पेनड्राइव्हवरून उघडून पाहिला, आवाज आला. निश्चिंत झालो.

कॉम्प्युटर दुकानात द्यायच्या आदल्या संध्याकाळी चाकणहून भाचा लॅपटॉप घेऊन आला. अम्मी म्हणाल्या, "बेटा, जरा अब्बांना ऐकव." त्याने पेनड्राइव्ह लावला. काहीच उघडेना. तो म्हणाला, "मामी, हा तर शॉर्टकट आहे. दोन केबीचा!"

शॉर्टकट म्हणजे घराचा पत्ता, घर नव्हे. आमच्या कॉम्प्युटरवर तो मूळ फाइलपर्यंत पोचत होता, म्हणून आवाज आला. फॉरमॅटनंतर पत्ता राहिला असता, घर गेले असते. अम्मी काही बोलल्या नाहीत; पदराने डोळे टिपत उठून गेल्या.

त्या रात्री सगळे नव्याने केले. खरा फोल्डर शोधून एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घेतला. मूळ आणि प्रत यांचा आकार व फाइलींची संख्या ताडून पाहिली. डाउनलोड्समध्ये पडलेले कागदही घेतले. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर लागणारी ४८ आकडी रिकव्हरी की वहीत लिहिली. शेवटी हार्डडिस्क भाच्याच्या लॅपटॉपला लावून अकराही तुकडे वाजवले. एक प्रत त्याच्यासोबत चाकणला गेली.

जाणकार सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ज्यांच्या नावाच्या वसाहतीत आम्ही राहतो, त्या तुकोबांचे अभंग चाकणच्या संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले होते. गाथा इंद्रायणीत बुडवली तरी लोकांच्या मुखी ती जिवंत होती, असे इथले लोक सांगतात. एकाच जागी ठेवलेली वस्तू एकाच घावात जाते.

आता कॉम्प्युटर नवा झाला आहे. अल्हमदुलिल्लाह, अब्बा तेच आहेत. तुमच्याही घरात असा एखादा आवाज असेल. त्याची प्रत काढा आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. तोवर ती झाली असे समजू नका.