दोरीपलीकडची घंटा

क्योतोला जायचं तर एप्रिलात, चेरीच्या बहरात; नाही तर नोव्हेंबरात, मेपलची पानं लाल होतात तेव्हा, असं मला ज्यानं त्यानं बजावलं होतं. मी गेलो ऑगस्टात. हा दोष माझा नव्हे. ज्या चर्चासत्राचं निमंत्रण आलं त्याच्या तारखा मला विचारून ठरवलेल्या नव्हत्या, आणि मराठीच्या अध्यापकाला जपानची निमंत्रणं वारंवार येतात अशातलाही भाग नाही. तेव्हा २०२४ च्या ऑगस्टात, तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या त्या जुन्या राजधानीत, मी घामानं निथळत हिंडत होतो.

पाहायचं ते सारं पाहिलं. सुवर्णमंदिर पाहिलं. १९५० साली ते जळालं आणि १९५५ साली पुन्हा उभं राहिलं. ते खरोखरच सोन्यानं मढवलेलं आहे आणि त्याच्यापुढं खरोखरच गर्दी असते. त्याविषयी याहून अधिक लिहिण्याजोगं माझ्यापाशी काही नाही.

आठ तारखेच्या संध्याकाळी मी ज्या लहानशा खाणावळवजा घरात उतरलो होतो, तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाई बाहेर निघाल्या होत्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी मला विचारलं, “तुमचं कुणी गेलंय का?” मी म्हटलं, “आई.” “मग चला,” त्या म्हणाल्या, आणि छत्री उघडून चालू लागल्या.

आई गेली ती २०२१ च्या एप्रिलात. त्या महिन्यात ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना मी अधिक काही सांगायला नको. अक्का कराडला अडकलेली. दहाव्याला घाटावर आम्ही दोघेतिघेच होतो. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत बसलो. पाऊण तास झाला. जन्मभर आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून ज्यांनी पोळीचे तुकडे खाल्ले, त्या जातीतला एकही इकडं फिरकेना. मागं दुसरी माणसं खोळंबली होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. दुपारी अक्काचा फोन आला. “शिवला का रे?” मी म्हटलं, “शिवला. ठेवल्याबरोबर शिवला.”

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. ज्या गोष्टीवर विश्वास नाही तिच्याविषयी खोटं बोलायला माणसाला लाज वाटू नये. पण मला वाटली, आणि तीन वर्षं वाटत राहिली.

आम्ही गेलो ते देऊळ रोकुदो चिन्नोजी. रोकुदो म्हणजे सहा वाटा: देव, मनुष्य, असुर, पशू, प्रेत आणि नरक. मेल्यावर जीव या सहांपैकी एका वाटेला लागतो. पूर्वी शहराचं स्मशान इथून सुरू होत असे, म्हणून वाटा फुटतात त्या इथंच, अशी समजूत. देवळात यमराज आहेत. जपानी लोक त्यांना एन्मा म्हणतात. नाव थोडं झिजलं आहे, पण मुद्रा तीच! ओनो नो ताकामुरा म्हणून नवव्या शतकात एक कवी होऊन गेला. तो दिवसा सम्राटाच्या दरबारी चाकरी करी आणि रात्री या देवळामागच्या विहिरीतून खाली उतरून यमाच्या कचेरीत कामाला जाई, अशी दंतकथा आहे. दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्या प्राध्यापकांकडे आपल्याकडं ज्या नजरेनं पाहतात, त्या नजरेनं त्याच्याकडं कुणी पाहिलेलं दिसत नाही.

ऑगस्टच्या मध्यावर जपानात पितर घरी येतात. त्या सणाच्या मुळाशी आपल्याच मौद्गल्यायनाची कथा आहे. बुद्धाच्या या शिष्यानं दिव्यदृष्टीनं पाहिलं, तर त्याची आई प्रेतलोकात उपाशी. त्यानं अन्न दिलं, पण तोंडाशी नेताच त्याचे निखारे झाले. तिला घास मिळेना. ही कथा मी पूर्वी वाचली होती. त्या संध्याकाळी ती आठवली तेव्हा मला घाटावरचा तो पिंड दिसला.

सात ते दहा ऑगस्ट या चार दिवसांत क्योतोची माणसं इथं पितरांना बोलवायला येतात. दारात कोयामाकी नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या विकायला असतात. तिच्या पानांवर बसून जीव येतो, म्हणून ती घरी न्यायची. मग लाकडाच्या पातळ पट्टीवर गेलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं. लिहिणाऱ्या गृहस्थांनी कुंचला उचलला आणि मी आईचं नाव सांगितलं. आईच्या नावात ‘ल’ दोनदा येतो. जपानीत ‘ल’ नाही. मालकीणबाईंनी पट्टी वाचून दाखवली, तेव्हा दोन्ही ‘ल’चे ‘र’ झाले होते. मौज अशी की त्यांची अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी चालते. ही मांडणी बौद्ध मठांतल्या संस्कृताच्या अभ्यासातूनच तिकडं गेली. एवढा लांबचा प्रवास वर्णमालेनं केला, पण ‘ल’ वाटेत कुठंतरी सांडला.

मग रांग. रांगेच्या शेवटी एक बंदिस्त लाकडी खोली, तिला एक भोक, आणि भोकातून बाहेर आलेली जाड दोरी. घंटा आत असते, दिसत नाही. दोरी आपल्याकडं ओढायची. आपण देवळात घंटा वाजवतो ती आपण आलो हे देवाला कळावं म्हणून. ही वाजवायची ती पलीकडच्यांनी यावं म्हणून. माझ्यापुढच्या तरुण मुलीनं दोरी ओढली आणि ती डोळे पुसत बाजूला झाली. मी ओढली. आवाज खालून, जमिनीतून आल्यासारखा आला. पट्टीला उदबत्तीचा धूर दाखवला, दगडी मूर्तीपुढं तिच्यावर फांदीनं पाणी शिंपडलं आणि पट्टी तिथंच ठेवली. फांदी घेऊन परतलो.

रात्री अक्काला फोन केला. सारं सांगून झाल्यावर म्हटलं, “अक्का, तेव्हा कावळा शिवला नव्हता.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ठाऊक आहे मला. ठेवल्याबरोबर शिवला म्हणालास ना? अरे, घरातल्या सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय आई कधी पानावर बसली होती?”

मला काही सुचेना. तिला मात्र वेगळीच काळजी लागली होती. “म्हणजे आता ती तुझ्या खोलीत आहे म्हणायची. परत कशी जाते?”

मी सांगितलं, सोळा तारखेला रात्री आठ वाजता शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर अग्नी पेटवून निरोप देतात.

“आणि तू निघतोस अकराला! तिला परक्या मुलखात टाकून?”

मी निमूटपणे खाली गेलो आणि मालकीणबाईंना अडचण सांगितली. त्या हसल्या नाहीत. फांदी घेऊन त्यांनी आपल्या देव्हाऱ्यात, यजमानांच्या तसबिरीशेजारी ठेवली.

सोळा तारखेला रजा काढून मी कराडला गेलो. क्योतोतले रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेचार. पाचच्या सुमारास मालकीणबाईंनी फोनवर चित्र धाडलं: काळाकुट्ट डोंगर, त्यावर ज्वाळांनी लिहिलेलं ‘मोठा’ या अर्थाचं अक्षर. अक्कानं चष्मा लावून पाहिलं. “कुणी तरी हात पसरून उभं असल्यासारखं दिसतंय,” ती म्हणाली. मग तिनं त्या लाकडी पट्टीचा फोटो मागितला आणि विचारलं, “यात तिचं नाव कुठाय?”

मी दाखवलं, आणि दोन्ही ‘ल’चे ‘र’ झाल्याचंही सांगितलं.

“असू दे,” अक्का म्हणाली. “गल्लीतली निम्मी माणसं तिला चुकीच्याच नावानं हाक मारायची. ती ओ द्यायची.”