देणारी माय

आमच्या आजोबांना घरं दोन होती, सातबाऱ्यावर मात्र एकच. जन्म गंगाखेड तालुक्यातला, हयात गेली जिंतूर तालुक्यात. सात वर्षांचं पोर असताना ते दत्तक आले. नाव बदललं, बापाचं नाव बदललं, आणि पुढे त्या घराची शेती, पाटीलकी, देणीघेणी, बहिणी-भाच्यांचे मानपान सगळं त्यांनी निभावलं. आज आम्ही चार घास सुखाचे खातो ते त्या दत्तक घराच्या पुण्याईवर. ते ऋण आम्ही कधी विसरलो नाही. दुसरं ऋण कागद शोधायला लागल्यावर कळलं.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यात घरोघर पत्र्याच्या पेट्या उघडल्या. तहसीलच्या रेकॉर्ड रूमपुढे रांगा लागल्या. आम्हीही लागलो. फेरफार पाहिले, १९५४-५५ चं खासरा पत्रक पाहिलं, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं. सगळीकडे आजोबा दत्तक बापाचेच. दत्तक जाणं इतकं पक्कं असतं की आधीच्या घराची खूणसुद्धा उरत नाही. त्या घरी जन्मलेलं पोर पुढे कुठे गेलं, हे एकही सरकारी कागद सांगत नव्हता.

दत्तकाचा मूळ कागद निघाला आत्याच्या ट्रंकेत, खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला. निजामाच्या राज्यातला स्टँप, मजकूर उर्दूत. घड्यांवर फाटलेला. परभणीत एक निवृत्त उर्दू शिक्षक असली कागदपत्रं वाचून देतात असं कळलं, म्हणून तुराबुल हक दर्ग्याच्या बाजूच्या वस्तीत त्यांचं घर गाठलं.

मास्तरांनी कागद काचेखाली पसरला आणि आधी नुसता पाहत राहिले. शिकस्ता वळणात लिहिणारे कारकून नुक्ते गाळतात, एका शब्दातून दुसऱ्यात घुसतात. सवयीच्या डोळ्यालाच ते उलगडतं. मास्तरांनी प्रत्येक ओळ आधी वहीत सुवाच्य उर्दूत उतरवली, मग मला मराठीत सांगितली. ‘मुतबन्ना’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. “हा तुमचा दत्तक.” तारीख इस्फंदार १३३८ फसली. “फसलीत ५९० मिळवायचे, भाऊ. पण वर्ष ऑक्टोबरात लागतं, आन् इस्फंदार येतो जानेवारीत. म्हणून १९२८ नाही, १९२९ धरा.”

मग त्यांनी माणसं मोजली. देणारा बाप आहे. घेणारा बाप आहे, त्याची बायको आहे. साक्षीदार पाच, गावाचा पटवारी त्यांतच. कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचून ते म्हणाले, “देणारी माय कुठंच नाही. लेकराला माय तर असंल ना, भाऊ?”

हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी विचारला नव्हता. मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. “वाचता येतं ते वाचलं,” एवढंच म्हणाले. त्यांचं देणं मी कुठल्या हिशेबात धरू?

जुन्या हिंदू कायद्यात मुलगा दत्तक द्यायचा अधिकार बापाचा. आईची संमती असली तर बरं, नसली तरी दत्तक मोडत नसे. दत्तक देताना आईची संमती हवीच, असं कायद्यानं म्हटलं ते २१ डिसेंबर १९५६ पासून, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर दोन महिन्यांच्या आत. त्याआधीच्या कागदांत देणाऱ्या आया सहसा नाहीत. याच निजामाच्या राज्यात, औरंगाबादेत, १९०१ साली जगन्नाथ महाराजांचं दत्तकविधान झालं. ताईमहाराज प्रकरण म्हणून ते गाजलं; लोकमान्य टिळक विश्वस्त म्हणून त्यात गुंतले आणि दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ साली निकाल लागला. घेणाऱ्या आईच्या नावानं ते प्रकरण आजही ओळखलं जातं. देणाऱ्या आईचं नाव किती जणांना सांगता येईल?

आमच्या पणजीचं नाव नाशिकला मिळालं. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, तालुका विचारला, आडनाव विचारलं आणि लांबट वही काढली. मोडीतली नामावळ त्यांनी बोट ठेवून वाचली. जन्मघरचे पणजोबा कधीतरी गोदावरीवर आले होते. चार मुलांची नावं त्यांनी सांगितली होती, तिसऱ्यापुढे ‘दत्तक गेला’ असं लिहिलेलं, आणि वर कुटुंबाचं, म्हणजे बायकोचं, नाव. सरकार, शाळा, कचेरी कुणीही न लिहिलेलं नाव एका भटजींच्या वहीनं जपलं. त्या घराण्याचेही आम्ही ऋणी आहोत.

नाव हाती घेऊन गंगाखेडकडच्या घरी गेलो. तिथल्या थकलेल्या चुलत आजीनं ते ओळखलं आणि सासूच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं. पोर दिल्यावर वर्षाच्या आत पणजीला पुन्हा मुलगा झाला. लोक म्हणाले, गेलेल्याचं नाव याला ठेव, ते आता मोकळंच आहे. ती म्हणाली, “पोरगं दिलं, नाव नाही दिलं.” आजोबांचं जन्मनाव त्या घरात पुन्हा कुणालाच ठेवलं नाही. ती जिंतूरकडच्या घरी कधी आली नाही. दत्तक दिलेल्या पोराच्या दारी आईनं जाऊ नये, असा तेव्हा रिवाज होता. आजोबांनी तिला मोठेपणी पाहिलं की नाही, हे चुलत आजीलाही माहीत नव्हतं.

दत्तक घर वाढलं, त्याचा वंश चालला, शेत पडीक राहिलं नाही. हे सगळं तिच्या देण्यावर उभं आहे, असं मी आता मानतो. भाऊबंदांत विचारलं तेव्हा एक-दोघे म्हणाले, त्या घराचं आपल्याला काही लागत नाही. शास्त्रानं लागत नसेल. आमच्या पित्तराला आता तिच्या नावाचं पान वाढलं जातं.

तुमच्या घरी असं दत्तकपत्र असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेवा, आणि उर्दू-मोडी वाचणारी माणसं आहेत तोवर वाचून घ्या. देणाऱ्या आईचं नाव त्यात बहुधा नसेल. घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला विचारा आणि ते झेरॉक्सच्या पाठीमागे तारीख घालून लिहा. दिवाळीत सगळे एकत्र जमाल तेव्हा होण्यासारखं हे काम आहे.