पडणे म्हणजे हल्ला नव्हे

नियमातला एक शब्द माणसाला तारतो किंवा बुडवतो. मोठमोठ्या कायद्यांत हे दिसतेच, पण मुलांच्या खेळातही दिसते. म्हणून आधी खेळाविषयी.

पुण्याला इंजिनीअरिंग शिकणारा माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे नालवाडीला आला, तेव्हा डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाच्या खेळाचे २०१४ सालचे पुस्तक घेऊन आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे. पात्राने काही धाडस केले की ते जमले की फसले, हे फासे ठरवतात.

यात उंचावरून पडण्याचा हिशेब ठरलेला आहे. दर दहा फुटांना एक फासा. चाळीस फुटांवरून पडले तर चार फासे, आणि त्यांची बेरीज म्हणजे लागलेला मार. कितीही उंची असली तरी वीस फाशांच्या वर नाही. हिशेब अगदीच पोरकट नाही. दहा फुटांवरून पडणारा माणूस ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो, चाळीस फुटांवरून सुमारे ५६. वेग दुप्पट होतो, पण आदळण्याची ऊर्जा चौपट होते.

माझ्या मुलीने गोष्टीतल्या एका लांडगा-माणसाला चाळीस फुटी बुरुजावरून ढकलले. शेजारचा मुलगा म्हणाला, "त्याले काही होत नाही. साधं लोखंड लागतच नाही त्याले."

"काहून नाही होत? जमीन काय शस्त्र आहे का?" मुलगी म्हणाली.

पुस्तक उघडले. लांडगा-माणसाला संरक्षण होते ते साध्या हल्ल्यांपासून. जमीन कोणावर हल्ला करीत नाही. त्याला पुरता मार बसला. मात्र त्याच खेळात एक रानटी योद्धा आहे. तो संतापला की त्याला मुका मार निम्माच लागतो, मग तो कोणाकडूनही लागो. पडण्याचा मार पुस्तकाने मुका मारच धरला आहे. म्हणून फाशांची बेरीज चौदा आली तर त्याला सातच. चामड्याच्या चिलखताचा मात्र पडताना काही उपयोग नाही, कारण ते वार चुकवण्यापुरते आहे. नालवाडीत १९३० च्या दशकात चर्मालय होते, तेव्हा चामड्याचे गुण आम्हाला कोणी सांगायला नकोत. पण जमिनीपुढे तेही हरते!

पडणे एकच, पण एक संरक्षण विचारते, "मारले कोणी?" दुसरे विचारते, "लागले काय?"

माझे वडील गवंडी होते. १९८८ साली एका दुमजली इमारतीच्या परांचीचा बांबू सुटला आणि ते खाली आले. कमरेचे हाड मोडले. ठेकेदार दारात उभा राहून आईला म्हणाला, "कोनी मारलं का त्याले? सोताच पडला. माहा काय दोष?" बोलणे इतके सरळ वाटले की गल्लीतली जाणती माणसेही गप्प बसली. कोणी तर आईची समजूत घालू लागले, "काटक माणूस आहे, उठून बसन."

युनियनमध्ये काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने १९२३ सालचा कामगार भरपाईचा कायदा आणून वाचून दाखवला. त्या कायद्याचा प्रश्न वेगळा होता. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला काय? मारले कोणी, हे त्याने विचारलेच नव्हते. मालकाचा दोष सिद्ध करायचीही गरज नव्हती. आईने अर्जावर अंगठा दिला. तारखा पडल्या, हेलपाटे झाले, पण भरपाई मिळाली. वडील पुन्हा परांचीवर चढू शकले नाहीत. आमची शाळा मात्र सुटली नाही.

आपल्या माणसांनी आयुष्यात पुष्कळ घाव सोसले, म्हणून ती कणखर झाली, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु जमिनीला माणसाचा कणखरपणा कळत नाही. उंचीवर काम करणाऱ्याला घट्ट बांधलेली परांची, कठडा आणि कमरेचा पट्टा हवा, आणि तोही पडण्याच्या आधी. त्यानंतर कामाला येतो तो कायद्याचा शब्द.

म्हणून भगिनींनो, विम्याचा, ठेक्याचा किंवा नोकरीचा कागद घरात आला तर सही करण्यापूर्वी मुलांना तो मोठ्याने वाचायला सांगा. संरक्षण मिळणार, एवढ्यावर समाधान मानू नका. ते कशापासून मिळणार, तो शब्द शोधायला लावा. खेळातल्या लांडग्यासाठी मुले दोन दिवस भांडू शकतात, तर घरच्या माणसासाठी एक ओळ नक्कीच वाचतील.